चौथा खांदा

"अहो, मी पडतेय! कललीय खुर्ची, दिसत नाही का तुम्हाला?"

अनसूयाबाईंनी खुर्चीचे हात गच्च धरले होते. अजिंठ्याच्या लेण्यांकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर त्या चार माणसांच्या खांद्यांवर बसल्या होत्या. डोली म्हणजे काही पालखी नव्हे. एक लाकडी खुर्ची, तिच्या दोन्ही अंगांना आवळून बांधलेले दोन लांब बांबू. पुढे दोन माणसं, मागे दोन.

"कडूबा, खांदा वर घे!" मागून बद्रीनाथ ओरडला.

"घेतलाय की."

"घेतला तर बाई पुढं कामून घसरू लागली?"

 पुढचा डावा खांदा कडूबाचा होता. एकतीस वर्षं तोच होता. गेल्या उन्हाळ्यात त्याचा सांधा निखळला. हाडवैद्यानं बसवला, पण दोन बोटं खाली बसवला. दोन बोटं म्हणजे घरात बसलेल्या माणसाला काहीच नाही. डोलीवाल्यासाठी ती दोन बोटं म्हणजे सगळं. बैल निवडताना उंची बघतात तसे चार खांदे एका उंचीचे निवडायचे असतात. एक खाली गेला की वजन त्याच्याकडे धावतं, आणि खुर्चीतल्या माणसाचा जीवही.

अनसूयाबाईंचे यजमान मधुसूदनराव मोबाईल उंच धरून पुढे चालले होते. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी वळून सांगितलं, "अहो, जरा सांभाळून. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं."

त्यांच्याही पुढे सहल कंपनीचा हेमचंद्र होता. गळ्यात छोटा भोंगा, हातात गुळगुळीत रंगीत कागद. "मंडळी, लोक लाखो रुपये घालून युरोपात ऑटम बघायला जातात. आपला शरद ऋतू काय कमी आहे? हा हिरवा डोंगर बघा, खाली वाघूर नदी बघा!"

त्याच्या हातातल्या कागदावर 'शरदातली सात रम्य स्थळं' असं छापलं होतं. अजिंठा तिसऱ्या नंबरावर होता. ऊन असं की पायरीवर भाकरी शेकून निघावी, पण कागदावर शरद होता. डोलीचाही फोटो होता त्यात. खुर्चीतली बाई पूर्ण आली होती. उचलणाऱ्यांची डोकी कापली होती.

पहिल्या लेण्यापुढच्या मोकळ्या जागेत डोली उतरली. अनसूयाबाई लंगडत आत गेल्या. कडूबा पाणी प्यायला वाकला आणि त्याच्या सदऱ्यातून काहीतरी काळं खाली पडलं. ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा, चौघडी करून दोरीनं बांधलेला. घामानं निसटला होता.

मागच्या खांद्याच्या सांडूनं तो उचलला आणि फिदीफिदी हसला. "आरं तिच्या मायला! म्हातारं खांद्याला उशी लावून मिरवू लागलं. काकासाहेब, बघ की, नवरी नटलीय."

पुढच्या उजव्या खांद्याचा काकासाहेब हसला नाही. बद्रीनाथही नाही. त्यानं तुकडा हातात घेऊन दाबून पाहिला.

"कवापसून चाललंय हे?"

"पोळ्यापसून," कडूबा म्हणाला.

"म्हंजी दीड महिना आमाला येड्यात काढलं तू."

"चालत व्हतं की. आज घामानं सरकलं. उद्या पट्ट्यानं आवळून बांधतो."

"उद्या नाय." बद्रीनाथनं तुकडा दरीत भिरकावला. "आप्पासाहेब लागंल तुझ्या जागी. उद्या कशाला, आत्तापसूनच."

आप्पासाहेब कठड्याजवळ उभाच होता. बद्रीनाथचा भाचा. वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर होता, ते संपलं तसा मामाकडे आला. तीस वर्षांचा, खांदे दाराच्या चौकटीसारखे. आज सकाळपासून तो डोलीमागे का चालतोय हे कडूबाला आत्ता कळलं. ट्यूब पडली नसती तरी हे ठरलेलंच होतं.

"बद्री, तुला दांड्याखाली मी आणलं," कडूबा हळू आवाजात म्हणाला. "तुझ्या खांद्याची सालटं निघायची तवा तुझ्या वाटचं वझं मी माझ्याकडं वढून घ्यायचो. आठ दिस."

"व्हय, घेतलं तू. नाय कोण म्हणतं? मंग त्या पायी खुर्ची तिरपी चालवू? बाई पडली तर चौघांचे परवान्याचे बिल्ले जातेत. तुझा एकट्याचा नाय जात."

"एवढा सीझन काढू दे. दिवाळीच्या सुट्ट्या सरल्या की मीच व्हतो बाजूला. कुणी सांगायची गरज नाय."

"सीझनातच चांगला खांदा लागतो, कडूबा. पावसाळ्यात कोण कुत्रं बसतं डोलीत?"

 बद्रीनाथ खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. दांडा सुटलेली दोन माणसं कडूबा रोज बघायचा. एक लेण्याच्या दाराशी लोकांच्या चपला राखायचा. दुसरा नुसता बसायचा. दुसऱ्याला त्याची जुनी माणसं चहालाही विचारत नसत, कारण विचारलं तर तो बोलत बसतो.

अनसूयाबाई बाहेर आल्या. चित्रं बघून आल्या होत्या, पण तोंडावर अजून पायऱ्यांचीच भीती होती. "मी नाही बसायची यात. हेमचंद्र, दुसरी डोली बघा."

"मॅडम, सीझन आहे, दुसरी नाही मिळणार." हेमचंद्रनं बद्रीनाथकडे डोळे वटारले. "काय रे, काय प्रॉब्लेम आहे?"

"मिटला साहेब. माणूस बदलला." त्यानं आप्पासाहेबला पुढे ढकललं. "आता पाण्यावानी चालंल."

"तुम्ही म्हणाल आणि मी बसेन?" अनसूयाबाई म्हणाल्या. "आधी कुणाला तरी बसवून दाखवा. मला डोळ्यांनी बघू दे."

चौघं चार टोकांना उभे राहिले. मोकळा एकच होता.

"बसा हो मामा," हेमचंद्र कडूबाला म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

काकासाहेब चाचरला. "साहेब, आमच्यात कुणी बसत नाय तिच्यात. उचलणारानं बसू नये. आपण चौघांच्या खांद्यावर जायचं ते मेल्यावरच..."

"अरे, काय हे! एकविसाव्या शतकात आहोत आपण. मॅडमचा खोळंबा होतोय."

कडूबानं बद्रीनाथकडे पाहिलं. बद्रीनाथ बांबूची दोरी तपासत होता, तपासायचं काही नसताना. मग कडूबानं चपला काढल्या. खुर्चीवर धुळीचे पाय ठेवू नयेत, म्हणून. बसला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"उचल!"

खुर्ची वर गेली. कडूबानं खुर्चीचे हात गच्च धरले. एकतीस वर्षांत हजारो माणसं त्यानं या उंचीवर नेली, आणि इथून माणूस किती भितो हे त्याला माहीत नव्हतं.

"लई हलकं हाय रं म्हातारं!" सांडू मागून म्हणाला. "ह्याची बायकू जेवायला घालती का नुसतीच बघती?"

सहलीतली माणसं हसली. मोकळ्या जागेला एक फेरी झाली, दहा पायऱ्या खाली, दहा वर. खुर्ची सरळ होती. मधुसूदनराव पुढे जाऊन फोटो काढत होते. "मामा, इकडं बघा! जरा हसा की, राजासारखे बसलाय!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कडूबा समोर बघत होता. समोर आप्पासाहेबची मान होती, कोवळी, अजून घट्टा न पडलेली. पाऊल चुकीचं पडत होतं त्याचं. आपल्या अठ्ठेचाळीस किलोनं काही सिद्ध होत नाही, हे कडूबाला ठाऊक होतं. बाई दुप्पट होत्या. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"बघा, कसं छान जमलं!" अनसूयाबाई खूश झाल्या. मधुसूदनराव उतरणीचा चांगला फोटो घ्यायला पुढे गेले होते. बाई खुर्चीत बसल्या आणि आपली पर्स कडूबाच्या हातात दिली. "हे धरा जरा. मला दोन्ही हात लागतात."

डोली निघाली. मागे पर्स छातीशी धरून कडूबा.

उतरताना खुर्चीमुळे मागच्यांना पायाखालचं दिसत नाही. पुढच्या डाव्या माणसानं बोलत जायचं असतं: वळण, उंच पायरी, निसरडं. आप्पासाहेब मुकाट चालला होता. वळणाच्या खाली पावसाळ्याचा झिरपा अजून वाहत होता. तिथल्या दोन पायऱ्यांवर शेवाळ होतं, वरून कोरडं दिसणारं. कडूबाला त्या दोन पायऱ्या अंधारातही सापडल्या असत्या.

गप राहा, तो स्वतःला म्हणाला. एकदा पाय सरकू दे. बाई पडणार नाही, काकासाहेब सावरून धरील. नुसती किंचाळेल. उद्या बद्री दारात येईल.

सात पायऱ्या राहिल्या. पाच. तीन.

"शेवाळ! डोंगराकडून घे! टाच आधी!"

आवाज त्याच्या तोंडून गेला होता. चौघं जागच्या जागी थांबले. आप्पासाहेबनं पाय आत घेतला, टाच टेकली, दोन्ही पायऱ्या पार झाल्या. खुर्ची हललीसुद्धा नाही.

"काय झालं? काय झालं?" अनसूयाबाई दचकल्या. "कशाला ओरडतायत हे?"

"मामा, प्लीज," हेमचंद्र म्हणाला. "लोक इथं शांततेसाठी येतात."

बद्रीनाथनं मान वळवली नाही. "गप चाल रं मागं. गिऱ्हाईक भ्यायलं."

पुढच्या प्रत्येक पायरीला कडूबाचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

पायथ्याशी मधुसूदनराव उसाचा रस पीत उभे होते. पत्नी उतरली, चौघांचं त्यांनी कौतुक केलं. मग त्यांची नजर कडूबाच्या छातीकडे गेली.

"ओ, थांबा. ही पर्स तुमच्याकडं कशी आली?"

"बाईंनीच दिली साहेब."

"अनसूया, तू दिलीस?"

"दिली असेन... त्या गडबडीत माझं कुठं लक्ष! बघते हं." त्यांनी पर्स घेतली. आधी हातरुमालानं पट्टा पुसला. मग चेन उघडली. चष्मा काढून पाहिला. गोळ्यांची डबी. मोबाईल. आतला छोटा कप्पा उघडून दोन बोटं घातली आणि पुटपुटत काहीतरी चाचपलं. सांडू आणि काकासाहेब दुसरीकडे बघायला लागले. कडूबा उन्हात उभा राहिला. हात मोकळे झाले होते, तरी त्यानं ते छातीशीच धरले होते.

"आहे सगळं," बाई म्हणाल्या.

"आहे ना? मग ठीक." मधुसूदनरावांनी कडूबाला जायला मोकळं केलं.

तेवढ्यात बद्रीनाथनं नवं गिऱ्हाईक बसवलं होतं. नाशिककडचे कुणीतरी गृहस्थ, पांढरी टोपी, मांडीवर पाण्याची बाटली. सीझनात खुर्ची रिकामी ठेवत नाहीत.

"बाजू! बाजू!" पुढून आप्पासाहेब ओरडला. त्याला आता बोलायचं कळलं होतं.

वर राहिलेल्या चपला आणायला कडूबा चढू लागला होता, आणि पायऱ्यांची वाट अरुंद होती. तो दरीकडच्या कडेला सरकला आणि डोलीला डोंगराकडची बाजू दिली. चौघं त्याच्या अंगाला घासून वर गेले.  त्या गृहस्थांच्या मांडीवरची बाटली उभी होती. आतलं पाणी हलत नव्हतं.