पात्यावरचा डाग

सुऱ्यांचे फोटो काढावेत तर ताईनंच. पातं म्हणजे आरसाच. त्यात दिवा दिसतो, छत दिसतं, फोटो काढणाऱ्याचं नाकसुद्धा दिसतं. ताई बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करायची, त्यावर दिवा मारायची, की पातं दुधासारखं उजळायचं. बोटाचा एवढासा डाग राहिला तरी तिचं डोकं फिरायचं.

आई गेल्यावर धाकट्या भावानं तिची भाजीची सुरी स्टुडिओत आणली, मुठीला धरून, अलगद. "जशी आहे तशीच काढ हं," म्हणाला आणि चहा आणायला खाली गेला.

ताईनं हातमोजे चढवले. पात्यावर डाग दिसलाच. "काय ही घाण करून ठेवलीय!" म्हणत तिनं तोंडाची वाफ सोडली आणि मऊ फडक्यानं पातं लख्ख पुसलं. फोटो असा उतरला की बघत राहावं.

भाऊ चहा घेऊन आला. फोटो बघता बघता त्याचा चेहरा पडला.

"ताई, पात्यावर आईचा अंगठा उमटला होता गं. शेवटची भाजी चिरली तेव्हाचा, तेलकट."

ताईनं फडक्याची अलगद घडी घातली. ते तिनं पुन्हा कधी धुतलं नाही, आणि त्या फडक्यानं काही पुसलंही नाही.