जांभ्याच्या भेगेतली आंबुशी

तीन पानं, प्रत्येकाच्या टोकाला खाच… नखाने खुडून देठ तुटेना, म्हणून राजश्रीने आंबुशीचं अख्खं रोपच उपटलं आणि जांभ्याचा लाल भुगा बोटांवर सांडला. विहिरीच्या कठड्याची ही सावलीची बाजू. भांड्यांचं पाणी इथूनच झिरपतं, चिऱ्यांच्या भेगा कधी सुकत नाहीत, आणि जिथे गवतही धड रुजत नाही तिथे ही फोफावते. शेंगेला बोट लागायचा अवकाश, बिया फटकन उडतात – निर्लज्ज मेली.

बावीस वर्षांपूर्वी याच भेगेतून तिने मूठभर खुडली होती. पाचवा महिना, तोंडाला चव नाही, आंबटाचे डोहाळे… सासूने मागून येऊन जबड्यात बोटं घातली होती, चावलेला पाला बाहेर ओढला होता, पाण्याला आलेल्या चार बायकांसमोर. "पोराला खोकला लावतेस काय गो, हावरटासारखी?" मग विळ्याने सगळा कठडा खरवडून काढला. बायका हसल्या. स्वरूप जन्मला, शिकला, मुंबईला गेला. ते हसणं मात्र राजश्रीच्या कानातून गेलं नाही.

आता सासूच्या किडन्या गेल्यात, आणि डॉक्टरांनी ही भाजी साफ बंद केली आहे. पडवीतल्या खाटेवरून हाक आली, "राजश्री, आंबुशी काय गो ती?"

"तुम्हाला चालत नाही, आई."

"एक पान दे. चघळून थुकून टाकीन."

एका पानाने काय होणार होतं? काही नाही. हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच नाही म्हणायला गोड वाटत होतं. मी कुठे नाही म्हणते, डॉक्टर म्हणतात… उद्या गाव म्हणेल, सून असावी तर अशी, पथ्य सांभाळणारी.

ती खाटेसमोरच येऊन बसली. सावकाश, एकेक पान तोंडात टाकत राहिली. म्हातारीचा जबडाही तिच्याबरोबर हलू लागला – रिकामाच.

"आंबट आहे?" सासूने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारलं.

राजश्रीने मान डोलावली. दात आंबले होते, घशाशी आलं होतं, मूठ अजून अर्धी भरलेली… बावीस वर्षं सांभाळलेला राग एका पानापायी देऊन टाकायचा? पण चावणं थांबलं की पान घेऊन हात आपसूक खाटेकडे जाईल, अशी तिला भीती वाटू लागली. तिने आणखी दोन पानं तोंडात कोंबली.