उगवतीकडची बाई

सणसरच्या द्वारकाबाईचा गेणू पाण्याच्या पाळीला म्हणून दुपारी गेला, तो परत आलाच नाही. एकुलता एक लेक, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गावानं विहिरी बघितल्या, उसाचे फड पालथे घातले. पाट मात्र काठोकाठ वाहत होता, त्यात कोण उतरणार?

सून सिंधू पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, "आत्याबाई, पाटात बघा. त्यास्नी दोनदा घेरी आली हुती. तुमाला सांगू नगं म्हनले हुते."

"अभद्र बोलू नगंस!" द्वारकाबाई तिच्या अंगावर धावली. लेक मेला असं बोलणारी बाई तिला घरात डोळ्यांसमोर नकोशी झाली.

बारामतीत एक महाराज बसतात, हरवलेलं माणूस कुठं हाय ते सांगतात, असं कुणीतरी म्हणालं. द्वारकाबाई गुरुवारच्या बाजाराच्या गाडीत बसून गेली. महाराजांच्या अंगणात वीसेक माणसं बसली होती. एका म्हातारीनं तिला पाण्याचा तांब्या दिला, जवळ बसवलं.

"कुठनं आलीस, बाय? कोन गेलं?"

पंधरा दिवसांत इतक्या मायेनं कुणी विचारलं नव्हतं. द्वारकाबाईनं सगळं ओकून टाकलं. सून कुठली, कशी उलट बोलते, अंथुर्ण्याहून आली तेव्हापासून घरात कशी शांतता नाही.

आत महाराजांनी तांदूळ उधळले, डोळे मिटले. "लेक जित्ता हाय. घरात उगवतीकडनं आलेली बाई हाय. तिच्या जाचानं गेला. ती उंबऱ्याच्या आत हाय तवर त्यो पाऊल टाकनार न्हाय."

अंथुर्णं सणसरच्या उगवतीलाच होतं. न सांगता यांनी कसं ओळखलं? तिनं पायातले चांदीचे वाळे काढून त्यांच्यापुढं ठेवले.

दुसऱ्या दिवशी तिनं सिंधूचं बोचकं दारात फेकलं. सिंधू रडली नाही. "मी जाते, पन पाट बगा," एवढं बोलून ती अंथुर्ण्याच्या वाटेला लागली.

दीड महिन्यानं गाळ काढायला पाटाचं पाणी बंद झालं. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी काटक्यांत अडकलेलं प्रेत मजुरांना सापडलं. कमरेच्या करदोड्यावरून द्वारकाबाईनं लेक ओळखला. तिथंच जाळला.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बारामतीला गेली. तीच म्हातारी एका तरण्या बाईला पाणी देऊन विचारत होती, "कोन गेलं, बाय?" तेव्हा द्वारकाबाईला सगळं उमगलं. तिनं त्या बाईचा दंड धरला.

"आत जाऊ नगंस. हिला सांगितलंस त्येच त्यो तुला सांगनार. माझा लेक मेलेला असताना जित्ता हाय म्हनला."

बाईनं हात सोडवून घेतला. "तुमचा मेला म्हनून माझा बी मेला व्हय?" असं म्हणून ती आत गेली. म्हातारीनं द्वारकाबाईकडं बघितलंही नाही. ती पुढच्या माणसाकडं वळली.

द्वारकाबाई तिथून थेट अंथुर्ण्याला गेली. सिंधूचा बाप सर्जेराव दारातच उभा राहिला. "आता कशाला आलाय?"

मागून सिंधू आली. कपाळ मोकळं होतं, म्हणजे बातमी पोचली होती. पोटही दिसू लागलं होतं.

"तू मला का न्हाय सांगितलंस, पोरी?"

"सांगायला आले हुते, तवा तुमी बोचकं बांधत हुता."

द्वारकाबाई दारातच खाली बसली. "घरी चल," म्हणायचं तिच्या तोंडात आलं होतं, पण ती म्हणाली, "दहाव्याला ये."

सिंधू दहाव्याला सणसरला आली. ओढ्याकाठी पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबली आणि घराकडं न वळता बापाच्या बैलगाडीत बसून निघून गेली.