बाकावर सापडलेलं घड्याळ

"प्रश्न चौथा," धाकटीने वाचलं आणि पाण्याची बाटली टेबलाच्या कडेपासून आत सरकवली. उत्तर रंगात आलं की दादाचे हात हवेत चालू लागतात आणि बाटली खाली जाते, हे ती मागच्या परीक्षेत शिकली होती.

तिच्या दादाला दिसत नसे. तो उत्तरं सांगायचा, ती लिहायची. परीक्षा विभागाच्या भाषेत तो कायद्याच्या दुसऱ्या वर्षाचा परीक्षार्थी होता आणि ती त्याची लेखनिक. बोलण्याचा इतरांना त्रास नको म्हणून दोघांना तळमजल्यावरच्या वेगळ्या खोलीत बसवलं होतं. खोली कसली, मोडक्या बाकांचं गोदाम. हात लांबवावा तिथे कुठल्यातरी बाकाचा पाय लागे. दाराशी पर्यवेक्षिका बाई बसल्या होत्या. अधूनमधून त्यांच्या थर्मासचं झाकण कुरकुरायचं, तेवढाच काय तो त्यांचा पत्ता.

"ऐक," धाकटी म्हणाली. "एका माणसाला बागेतल्या बाकावर घड्याळ सापडतं. मालकाला परत करावं म्हणून तो ते घरी नेतो. पुढे मालक कोण हे त्याला कळतं. तरीही तो घड्याळ परत करत नाही, स्वतःच्या मनगटावर बांधून हिंडतो. त्याने कोणता गुन्हा केला, ते कारणांसह लिहा."

दादा खूश झाला. प्रश्न मोठा होता, गुणही चांगले होते. फौजदारी कायद्याच्या याच पेपरात तो गेल्या खेपेला आपटला होता. आता पुन्हा आपटला तर तिसऱ्या वर्षाचं दार बंद, हे त्याला ठाऊक होतं. त्याने घसा साफ केला.

"लिही. कोणत्याही गुन्ह्याची दोन अंगं असतात. एक कृती आणि दुसरा हेतू."

तो 'हेतू'पर्यंत पोचायच्या आत धाकटीचं पेन पूर्णविराम देऊन मोकळं झालं होतं. हे नेहमीचंच होतं. वर्गातल्या मित्रांना तो अभिमानाने सांगायचा की मी विचार करायचा अवकाश, आमची धाकटी लिहून बसलेली असते. दादाच्या बुद्धीचं घरात फार कौतुक होतं आणि सगळ्यांत जास्त ते दादालाच होतं. त्यामुळे धाकटीला त्याचा विचार आधीच कसा कळतो, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

"प्रस्तुत प्रकरणात त्या माणसाने दुसऱ्याची वस्तू मालकाच्या संमतीशिवाय उचलली. म्हणून ही चोरी आहे."

पेन 'म्हणून'पर्यंत आलं आणि थांबलं.

दादा पुढचं वाक्य जुळवत होता. त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग डोक्यावरच्या पंख्याची टकटक ऐकू यायला लागली, दाराशी थर्मासचं झाकण कुरकुरता कुरकुरता थांबलं, पण पेन काही हलेना.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "लेखनिकाने काही सुचवायचं नाही हं. ते सांगतील ते लिहायचं."

"नाही बाई. पेन अडलं."

पेन अडलं नव्हतं. नवी रिफिल सकाळी त्याने स्वतः घातली होती आणि चालते का ते स्वतःच्या तळहातावर ओढून पाहिलं होतं. वकिलाचे हात आत्तापासूनच काळे, म्हणून धाकटी हसली होती आणि ओल्या फडक्याने तिनेच ते पुसले होते.

त्याने हात टेबलाखाली घेतले. आपलं काहीतरी चुकलंय आणि ते हिला कळलंय, एवढं त्याला कळलं. काय चुकलं, ते मागोमाग आठवलं.

स्वयंपाकघरात आईचं शिलाई मशीन चालू होतं. कुणाच्या तरी पँटची उंची कमी करायची होती. धाकटी हेच प्रकरण मोठ्याने वाचून दाखवत होती. मोबाइलवरचं यंत्रसुद्धा वाचायचं, पण जुनी पुस्तकं त्याच्या हाती दिली की ते तळटीप वाक्याच्या मधोमध घुसवायचं. म्हणून वाचायची ती धाकटीच. वाचता वाचता ती आपणहून थांबली होती. "दादा, पण घड्याळ तर बाकावर पडलेलं. कुणाच्या ताब्यातच नव्हतं. आणि उचललं तेव्हा याच्या मनात काही वाईट नव्हतं. मग ही चोरी कशी होईल? मालक कळल्यावर ठेवून घेतलं, तिथून गुन्हा सुरू झाला. म्हणून पुस्तक याला अपहार म्हणतंय, बघ."

"तू पुढे वाच गं," तो म्हणाला होता. "अर्थ मी लावीन."

ती पुढे वाचत गेली होती. त्याने अर्थ लावला नव्हता आणि तिचा विसरून गेला होता.

आता ते सगळं परत आलं, शब्दन्‌शब्द, तिच्याच आवाजात. आणि त्याच्या पाठोपाठ जे नको होतं तेही आलं. गेल्या वर्षी धाकटीची शाळा संपली, तेव्हा तिला इतके गुण पडले होते की मुख्याध्यापिकांनी घरी फोन केला होता. कायद्याला घाला म्हणाल्या होत्या. पण लेखनिक कायद्याचा विद्यार्थी असता कामा नये, असा नियम आहे. तो नियम त्याला वाचून दाखवला होता धाकटीनेच, एखाद्या दुकानाची पाटी वाचावी तशा आवाजात. मग म्हणाली होती, "मला नकोच ते. काळा कोट मला शोभायचा नाही. एक वर्ष आईला मदत करते." आई म्हणाली होती, दादाचं एकदा मार्गी लागू दे. त्याने दोघींवर विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं. उलटतपासणीचे धडे घोकणाऱ्या या हुशार माणसाने घरातल्या साक्षीदाराला एकही प्रश्न विचारला नव्हता.

या वर्षीचे प्रवेश शनिवारी बंद होणार होते. घरात कुणी तो विषय काढला नव्हता. त्यानेही नाही.

"दादा," धाकटी म्हणाली, "चाललं पेन."

'खोड आणि लिही', एवढंच म्हणायचं होतं. उत्तर जिभेच्या टोकावर होतं. बाईंना थर्मासपलीकडे काही कळलं नसतं आणि धाकटीने तर तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. तिसरं वर्ष समोर होतं. त्याने पाण्याची बाटली चाचपली, एक घोट घेतला आणि बाटली नीट टेबलावर आत ठेवली.

"कुठवर आलं?"

"'म्हणून', इथवर."

"ही चोरी आहे," तो म्हणाला. "पूर्णविराम."

पेन हललं नाही.

"लिही, धाकटे."

तिने लिहिलं. तीन शब्द लिहायला तिला इतका वेळ कधीच लागला नव्हता. राहिलेले दोन प्रश्न त्याने सावकाश सांगितले, आणि या वेळी पेन त्याच्या पुढे धावलं नाही. मागून मागून येत राहिलं.

उत्तरपत्रिका देऊन दोघं बाहेर आले. त्याने नेहमीसारखा तिच्या कोपराला हात लावला. व्हरांड्यात मुलांचा कल्ला होता, कुणी उत्तरं पडताळत होतं, कुणी परीक्षकांच्या नावाने शंख करत होतं. प्रत्येक पेपरनंतर धाकटी विचारायची, "कसा गेला?" आणि तो म्हणायचा, "ते लिहिणाऱ्याला विचार." आज ती विचारेना.

"तो अपहार होता," जिन्यापाशी आल्यावर ती म्हणाली.

"माहीत आहे."

ती थांबली, म्हणून त्यालाही थांबावं लागलं. "कधी कळलं?"

"पेन अडलं तेव्हा."

"मग बदलायचं की! मी काही बोलले का? एक अक्षर तरी बोलले?"

"नाही बोललीस."

"मग उत्तर तुझंच होतं ना?"

"नव्हतं," तो म्हणाला.

"आणि आता तेवढ्यावरून नापास झालास म्हणजे?" तिचा आवाज रडकुंडीला आला होता.

"परीक्षा विभागात चल. काम आहे."

परीक्षा विभागातले कारकून कागदांवर शिक्के मारत होते. त्यांचा शिक्का बाहेरच्या व्हरांड्यातच ऐकू येई, त्यामुळे ते जागेवर आहेत की चहाला गेलेत हे दादाला इतरांच्या आधी कळायचं. तो दारात दिसला की ते म्हणायचे, या वकीलसाहेब. आजही म्हणाले.

"पुढच्या परीक्षेला मला दुसरा लेखनिक हवा आहे," दादा म्हणाला.

शिक्का थांबला. "का हो? ही काय वाईट आहे? मोत्यासारखं अक्षर आहे पोरीचं. लग्नबिग्न ठरलं की काय?"

"नाही. ती अपात्र होते आहे."

"ती कशाने?"

"कायद्याला प्रवेश घेते आहे."

धाकटीचं कोपर त्याच्या बोटांतून निसटलं. ती शेजारीच होती, तिचा श्वास ऐकू येत होता. त्याला भर दुपारी अनोळखी रस्त्याच्या मधोमध सोडल्यासारखं वाटलं. तो टेबलाची कड धरून उभा राहिला.

"अरे वा," कारकून म्हणाले. "मग बरोबर आहे, चालायचीच नाही. पण एक सांगून ठेवतो. आमच्याकडून जो मिळेल तो मिळेल, निवडीचं काही बोलायचं नाही. मागे एकाला असा लेखनिक मिळाला की 'फिर्यादी' सांगितलं तिथे तिथे 'फरारी' लिहून आला. अख्ख्या पेपरात फिर्यादीच फरारी."

"चालेल."

"बघा बुवा," कारकून म्हणाले आणि शिक्का पुन्हा सुरू झाला.

बाहेर पडताना त्याने भिंतीला हात लावून वाट काढली. चार पावलं झाल्यावर तिचं कोपर हाताला लागलं. ती रागावलेली होती. चालण्यावरून कळत होतं.

"मला विचारलंस?"

"घरी बसताना तू मला विचारलं होतंस?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

फाटकातून बाहेर पडून त्यांनी रस्ता ओलांडला. "फूटपाथ," एवढं म्हणाली, कारण ते म्हणायलाच हवं होतं. मग म्हणाली, "पुढच्या वर्षीचं पुस्तक मी कालच ग्रंथालयातून आणून ठेवलंय. कोण वाचणार ते? ते यंत्र? वर्षभर तळटिपा ऐकत बसशील."

"बसेन."

"नापास होशील."

"झालो तर माझा मी होईन."

"दादा, मी काही कुणावर उपकार केले नाहीत. मला आवडायचं वाचायला."

"ते आज कळलं," तो म्हणाला. त्याला आणखी बोलायचं होतं. एरवी कुठल्याही विषयावर तासभर बोलू शकणाऱ्या त्याला शब्द सापडेनात. शेवटी म्हणाला, "त्या माणसाने घड्याळ उचललं, ते चांगल्या मनानेच. बरोबर?"

"हो."

"पण मालक कळल्यावर परत द्यायचं असतं."

ती चालता चालता मंदावली. बसथांब्यापर्यंत तिने त्याचा हात आपल्या कोपरावर आपल्याच दुसऱ्या हाताने दाबून धरला होता, लहानपणी गर्दीत धरायची तसा.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आईचं मशीन चालू होतं. तिला दोघांनी मिळून सांगितलं होतं. ती बराच वेळ नुसती हातातल्या कापडाची घडी घालत आणि उलगडत बसली होती. मग, "कागदपत्रं काय काय लागतात?" एवढंच विचारून मशीनवर जाऊन बसली होती.

धाकटीने सवयीने नवं पुस्तक टेबलावर आणलं. खुर्ची ओढली, पहिलं पान उघडलं, घसा साफ केला.

"प्रकरण पहिलं," तिने सुरुवात केली.

"थांब," तो म्हणाला. "मोठ्याने नको."

"मग?"

"मनात वाच."

"आणि तू?"

"मी बसतो इथेच."

ती क्षणभर घुटमळली. मग खुर्ची जरा करकरली आणि शांत झाली. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पान उलटलं. त्याच्यासाठी वाचताना एका पानाला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या निम्म्याच वेळात दुसरं उलटलं. मग तिसरं.

आईने मशीन थांबवलं. "आज वाचन नाही का रे?"

"चालू आहे," तो म्हणाला.

मशीन पुन्हा सुरू झालं. चौथं पान उलटलं, आणि थोड्या वेळाने तेच पान परत मागे आलं. इतक्या दिवसांत त्याने सांगितल्याशिवाय ती एकदाही मागे गेली नव्हती. काय सापडलं, हे त्याला विचारावंसं वाटलं. तो विचारायला गेला नाही.