दोन्ही डोळे मायनस चार

आमच्या फुटबॉल क्लबाने आजवर एकही कप जिंकलेला नाही, पण सात पंच पळवून लावलेत. पहिल्याच्या खोलीला मॅचनंतर बाहेरून कडी घातली आणि सगळे घरी जेवायला गेले. कडी घालायला अकरा जण होते, काढायला कोणी थांबलंच नाही. दुसऱ्याच्या स्कूटरच्या सीटवर खळ ओतली. खळ आमच्या अंदाजापेक्षा चांगली निघाली, तो सीटसकट घरी गेला. तिसरा फार सभ्य होता, त्याला नुसतं त्याच्या आईबद्दल विचारलं. असं करत करत सातवा. तो हाफ टाइमला ‘पाणी पिऊन येतो’ म्हणाला आणि अजून पितोच आहे.

आठवा मात्र टिकला. नऊ वर्षं. बावन्न वर्षांचा, बारीक, कायम इस्त्रीचे कपडे. आठवडाभर छापखान्यात प्रूफं तपासायचा आणि शनिवारी आमच्या शिव्या खायचा. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. स्टँडमध्ये त्याला एकच नाव होतं, ‘ए आंधळ्या’.

हे नाव ठेवणारा मी. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे या विषयात माझ्या शब्दाला वजन. सव्वीस वर्षं मी तिसऱ्या रांगेत उभा राहून ओरडतोय. बायको मला तिथेच भेटली, तिचा धाकटा भाऊ तिथेच खेळायला शिकला. आमच्या लीगच्या खाली दुसरी लीग नाही. म्हणजे आम्ही शेवटून पहिले आलो, की क्लब संपला. मैदान परत, पाटी खाली. मग शनिवारी दुपारी मी काय करायचं? घरी बसायचं? बायकोसुद्धा या कल्पनेने घाबरली होती.

यंदा गाडी नेमकी त्याच खड्ड्यात गेली. शेवटच्या मॅचला एक पॉइंट हवा होता, म्हणजे नुसती बरोबरी. आम्ही एक-शून्यने मागे. शेवटच्या मिनिटाला माझ्या मेहुण्याने बॉल जाळ्यात घातला. स्टँड उसळला, मी शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली आणि तिने मला थर्मास मारला. एवढ्यात शिट्टी. हँडबॉल. गोल रद्द.

त्यानंतर जे काही बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही.

आमचे अध्यक्ष गाद्या विकतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात गाद्यांवर बसून आम्ही लीगला अर्ज लिहिला. ‘सदर पंचाला डोळ्यांनी दिसत नाही, सबब मॅच पुन्हा घ्यावी.’ दोनशे बारा सह्या. पहिली माझी. मेहुणा कोपऱ्यात उशी मांडीवर घेऊन गप्प बसला होता.

बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, “भावजी, हाताला लागला होता.”

“काय?”

“बॉल. हाताला लागला होता.”

“तुला काय माहीत?”

“माझाच हात होता ना.”

“तू गप्प बस,” मी म्हटलं. “तू खेळाडू आहेस, तुझं काम खेळायचं.”

लीगचं उत्तर आठवड्यात आलं. पंच दृष्टीने अयोग्य ठरला तर मॅच पुन्हा होईल. तपासणी त्याच गावातल्या नोंदणीकृत दृष्टी-तपासनिसाने करावी आणि सोबतचा फॉर्म भरावा.

गावात नोंदणीकृत एकच. मी.

अध्यक्षांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा गादीवर पडला. “चष्म्या, देव आहे रे!”

गुरुवारी सकाळी दहाला पंच दुकानात आला. वेळ दहाची होती म्हणून दहाला. बायको काउंटरमागे फ्रेमा पुसत होती. मी त्याला खुर्चीत बसवलं, डोळ्यावर तपासणीची ट्रायल फ्रेम चढवली, समोर अक्षरांचा तक्ता.

“वाचा.”

त्याने वाचला. वरपासून खालपर्यंत, दोन्ही डोळ्यांनी, मग एकेका डोळ्याने. शेवटची ओळ झाल्यावर थांबला नाही. तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत असतं, तेही वाचलं. “इथे पूर्णविराम दोनदा पडलाय,” तो म्हणाला.

अठरा वर्षं तो तक्ता माझ्या भिंतीवर आहे. मी जवळ जाऊन, चष्मा कपाळावर सारून बघितलं. दोनदा पडला होता.

मी म्हटलं खोली लहान आहे. त्याला दारात उभं केलं. वाचलं. फुटपाथवर उभं केलं. मधून हातगाडी गेली, तो हातगाडी जाईपर्यंत थांबला आणि पुढच्या अक्षरापासून सुरू झाला. बावन्नाव्या वर्षी चाळिशीचा चष्मासुद्धा नाही! माझ्या धंद्यात असा माणूस बघितला की दुकानाचं भाडं आठवतं.

बायको म्हणाली, “अहो, आता त्यांना रस्ता ओलांडायला सांगू नका.”

तो आत येऊन बसला. मला राहवलं नाही. “खरं सांगा, तो हात तुम्हाला दिसला होता?”

“डावा हात. कोपराच्या खाली चार बोटं. बाहीची शिवण उसवली होती.”

बायकोचं फडकं थांबलं. ती बाही मॅचच्या आदल्या दिवशी तिच्याकडून शिवायची राहिली होती.

“आणि आमच्या सगळ्यांना दिसलं नाही?”

“तुम्ही डोळे मिटून ओरडत होतात,” तो म्हणाला. अगदी साधेपणाने, प्रूफातली चूक दाखवावी तसं. “मोठ्याने ओरडताना माणूस डोळे मिटतो. तिसरी रांग तर पहिल्या मिनिटापासून मिटूनच असते.”

 मी काउंटरच्या खणातून फॉर्म काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. अयोग्य. दोन्ही डोळे, मायनस चार. खाली माझी सही, शिक्का.

त्याने फॉर्म नीट वाचला. मी आपला काचेच्या कपाटाकडे बघत उभा. आता हा ओरडणार, टेबल आपटणार, लीगकडे जाणार, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला येतं.

“तारीख चुकली आहे,” तो म्हणाला.

“कुठे?”

“कालची आहे. तपासणी आज झाली.”

फॉर्म मी आदल्या दिवशीच भरून ठेवला होता. मी बुधवारचा गुरुवार केला. त्याने शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, घडी केली, “आभारी आहे” म्हणाला आणि गेला. जाताना दारातली पायरी, जिच्यावर रोज दोन गिऱ्हाइकं अडखळतात, ती बरोबर बघून उतरला.

बायको म्हणाली, “त्याच्या डोळ्यांना काय झालंय म्हणालात?”

“क्लब वाचवायचाय,” मी म्हटलं.

“हो ना. विचारलं आपलं.” त्या दिवशी ती माझ्याशी एवढंच बोलली.

फॉर्म त्यानेच लीगला पोचवला आणि लीगने मॅच रद्द केली. पंधरा दिवसांनी, शनिवारी चार वाजता, पुन्हा. अध्यक्षांनी जुन्या गाद्या काढून पहिल्या रांगेत अंथरल्या. लीगच्या पत्रकात बातमी आली. ‘पंच दृष्टिदोषामुळे अपात्र.’ पत्रक त्याच्याच छापखान्यात छापतात. म्हणजे त्या बातमीचं प्रूफ त्यानेच तपासलं. एकही चूक नव्हती.

शुक्रवारी लीगचं आणखी एक पत्र आलं. अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच आवाज बारीक केला. तुमच्या मैदानावर यायला आता आमच्याकडे एकही पंच तयार नाही. यादीत एकच उरला होता, त्याला तुम्ही अपात्र ठरवलंत. पंचाची सोय यजमान क्लबाने करावी. शनिवारी साडेचारपर्यंत पंच मैदानात नसेल तर यजमान क्लब बाद.

“अरे, पंचाचं काय एवढं!” अध्यक्ष म्हणाले. “आपल्याकडे चारशे आहेत.”

खरंच होतं. स्टँडमधल्या चारशे माणसांना ऑफसाइड शंभर मीटरवरून कळतो. शनिवारी चारला दोन्ही टीम मैदानात उतरल्या, लीगचा कारकून घड्याळ घेऊन टेबलाशी बसला आणि अध्यक्षांनी भोंग्यावरून विचारलं, “शिट्टी कोण घेणार?”

चारशे माणसं बुटांच्या नाड्या बघायला लागली. ज्यांनी चपला घातल्या होत्या तेसुद्धा.

“अरे, नियम येतात ना सगळ्यांना? दर शनिवारी सांगता!”

एक जण म्हणाला गुडघा दुखतो. दुसरा म्हणाला त्याचं पाहुण्यांच्या गोलकीपरशी लांबचं नातं लागतं, बरं दिसणार नाही. गोलकीपरने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. पाहुण्यांचा कॅप्टन शांतपणे म्हणाला, “आम्हाला कोणीही चालेल. तुमच्यातलाच कोणी द्या. आमचा विश्वास आहे.”

हे ऐकून आणखी दहा जण मागच्या रांगेत सरकले.

अध्यक्षांनी भोंगा माझ्याकडे वळवला. “चष्म्या, तू हो.”

मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. तिथली सगळी तोंडं मी सव्वीस वर्षं ओळखतो. कोण काय बोलतो, कोणाच्या आईवरून सुरू करतो, कोणाचा नेम चांगला आहे, सगळं पाठ. 

“मला लांबचं नीट दिसत नाही,” मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

मेहुणा सरळ माझ्यापाशी आला. “भावजी, त्यांनाच आणा. जा. पाया पडा.” कारकून म्हणाला, योग्य असल्याचा नवा दाखला असेल तर तो पंच चालेल, वेळेत आणा. मी कोरा फॉर्म आणि शिक्का खिशात घालून धावलो. छापखाना दोन गल्ल्या पलीकडे. पन्नाशीतल्या पोटाला दोन गल्ल्या म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच्या टेबलाशी दुसराच कोणी बसला होता. “ते? ते आता पॅकिंगला. मालकांनी बातमी वाचली ना. प्रूफ बघणाऱ्याला दिसत नाही म्हटल्यावर कसं चालेल?”

पॅकिंगची खोली मागे होती. तो स्टुलावर बसून जाहिरातींचे गठ्ठे सुतळीने बांधत होता. डोळ्यावर जाड काचांचा चष्मा. बोटांनी चाचपत कागदांच्या कडा जुळवत होता.

“कोण?” त्याने विचारलं. मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

“मी. चष्मेवाला.”

“या, या. बघून या, तिथे खाली गठ्ठे आहेत. मीच दोनदा पडलो.”

“हा चष्मा कुठला?”

“मायनस चार. फॉर्मवर होता तोच. मालक म्हणाले, चष्मा लावलात तर पॅकिंगला ठेवतो.” मग गठ्ठा सरळ करत, “तुमच्याकडेच आलो असतो. पण म्हटलं तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं होईल. एसटी स्टँडजवळच्या दुकानातून घेतला.”

“काढा तो. काढा आधी. डोळे खराब होतील तुमचे.”

“काढून कसं चालेल? लावायला सांगितलाय.”

मी धापा टाकत सगळं सांगितलं. पंच नाही, साडेचारला बाद, चारशे माणसं बसलीत, क्लब संपतोय. फॉर्म काढला, त्याच्या मांडीवर ठेवला. “आत्ता योग्य लिहून देतो. मी खोटं लिहिलं होतं.”

“माहीत आहे मला.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

त्याने सुतळी बोटाला गुंडाळली. त्याच्या तोंडावर राग दिसतोय का, निदान थोडी तरी मजा वाटतेय का, ते मी शोधत होतो. काहीच नव्हतं.

“नऊ वर्षं तुम्ही मला सांगताय की निर्णय चुकलाय,” तो म्हणाला. “मी म्हणतोय, चुकला असला तरी मानायचा असतो. नाहीतर खेळच होत नाही. मग माझ्यावर वेळ आल्यावर मी कुठल्या तोंडाने भांडू? त्या खोलीत पंच तुम्ही होतात.”

“अहो, पण आता मीच बदलतोय ना!”

“गोल खाल्ल्यावर सगळ्यांनाच बदलून हवा असतो.”

“क्लब जाईल हो. माझ्या मेहुण्याचा विचार करा.”

“चांगला खेळतो,” तो म्हणाला. “डावा पाय फार छान आहे.” आणि त्याने फॉर्म चाचपून, घडी करून मला परत दिला. “तुम्ही आज योग्य लिहिलंत तर तेव्हाचा शिक्का खोटा. तेव्हाचा खोटा तर आजचा कशावरून खरा? यापुढे तुमचा कागद कोण मानेल? तुमचं दुकान आहे, चष्मेवाले. जरा बघा.”

मी खरंच त्याच्या पाया पडलो. त्याला ते दिसलं नाही. काहीतरी हललं एवढंच कळलं असावं, कारण त्याने पाय बाजूला घेतले आणि म्हणाला, “काही पडलं का तुमचं?”

मी उठलो. एरवी शनिवारी या वेळेला मैदानाचा आवाज अर्ध्या गावात ऐकू येतो. आज पंखा ऐकू येत होता.

“किती वाजले?” त्याने विचारलं. “भिंतीवर घड्याळ आहे, पण मला काटे दिसत नाहीत.”

“चार सत्तावीस.”

“अजून तीन मिनिटं आहेत,” तो म्हणाला. त्याने पुढचा गठ्ठा ओढला, सुतळीचे दोन वेढे दिले, गाठीची जागा अंगठ्याने शोधली. ती सारखी निसटत होती. “एक काम कराल? इथे जरा बोट धरा. घट्ट.”

मी गाठीवर बोट धरलं.