गरुडबाबांची शिळी नजर

कुंभारी गावातल्या एका गल्लीत भर दुपारी बायका अंगणात छत्र्या उघडून भांडी घासत होत्या. पावसाचा पत्ता नव्हता आणि उन्हाची त्यांना सवय होती. छत्र्या होत्या गरुडबाबांसाठी.

बाबांनी डोळे मिटले की त्यांना आभाळातून गाव दिसतं, अशी ख्याती आठवडाभरात पसरली होती. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा दोन्ही हात पंखांसारखे पसरून, मान तिरकी करून घुमत होते.

"भक्तहो, गरुडापासून काय लपणार? काशम्मा, तुझ्या गच्चीवर मिरच्या वाळतायत! बाजेचा पाय मोडलाय, खाली वीट लावलीय! आणि पाण्याच्या टाकीवर... शेळी!"

"अय्यो, व्हय की!" काशम्मानं कानाला हात लावले.

मागे उभी असलेली राजश्री सोलापुरातल्या एका वृत्तवाहिनीची बातमीदार. ती हसायलाच आली होती. शेळी ऐकली आणि तिचं हसू विरलं. टाकीवरची ही शेळी तिनं कुठंतरी पाहिली होती.

तेवढ्यात शेजारची सिद्धेश्वरी कुजबुजली, "ताई, बाबांनी माझ्या न्हाणीतली निळी बादली चारचौघांत सांगितली. न्हाणीला छप्पर न्हाय. चार दिस झाले, अंघोळीला बसायची हिंमत न्हाय. सासू म्हनती, देवच बघतोय, लाजतीस काय?"

राजश्री तडक ऑफिसात आली. दहा दिवसांपूर्वी पाणीटंचाईच्या बातमीसाठी त्यांनी कुंभारीवरून ड्रोन उडवला होता. बातमीत त्यातले वीस सेकंदच दाखवले होते, पण मूळ चित्रण पाऊण तासाचं. त्यात मिरच्या, वीट, शेळी, निळी बादली, सगळं होतं. शिवाय तिचा स्वतःचा आवाज, "नवनाथ, आणखी खाली घे."

ड्रोन उडवणाऱ्या नवनाथनं मान खाली घातली. "बाबांच्या शिष्यानं चित्रणाचा पेनड्राइव्ह मागितला, मी दिला. बाबा गावाला आशीर्वाद देणार म्हणाला. आणि माझं लग्न जमवून देणार होते."

"जमलं?"

"गरुडाला अजून मुलगी दिसली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजश्रीनं काशम्माला गाठलं. "मावशी, गच्चीवर हवा तो बदल करा. मलासुद्धा सांगू नका."

दुपारी मंडप भरला. राजश्रीनं हात जोडले. "बाबा, आज काशम्मांच्या गच्चीवर काय आहे?"

बाबांनी पंख पसरले. "मिरच्या! बाज! टाकीवर शेळी!"

"शेळी ही बगा की!" काशम्मा दोरी ओढत पुढं आली. "मिरच्या कांडून डब्यात. बाज घरात. गच्चीवर आज माज्या नातीची सायकल हाय!"

बाबांनी एक डोळा उघडून शेळीकडे पाहिलं. "हे शेळीचं शरीर. आत्मा टाकीवरच आहे."

शेळीनं आत्म्याची काळजी न करता बाबांच्या गळ्यातला झेंडू खायला सुरुवात केली. मंडप खदखदला.

"बाबांना आजवर छपराखालचं एक तरी भांडं दिसलं का?" राजश्रीनं विचारलं. "दिसणार नाही. ही नजर आमच्या ड्रोनची आहे, दहा दिवस शिळी." तिनं फोनवर टाकीवरच्या शेळीचं तेवढं चित्र दाखवलं. माणसांची घरं मात्र दाखवली नाहीत. गोंधळात बाबा शिष्यासह मंडपामागून सटकले.

पण लोक आता तिच्याकडे वळले. सिद्धेश्वरी पुढं झाली. "म्हंजी माझ्या न्हाणीत तुमी बगत होता?"

राजश्रीनं हातातला फोन खाली घेतला. "चित्रात तुम्ही नव्हता. पण असू शकला असता. ड्रोन खाली घ्यायला मीच सांगितलं. तुम्हाला विचारलं नाही, आणि चित्रण नीट सांभाळलंही नाही. चूक माझी."

"इचारलं असतं तर रिकामी टाकी मीच दाखिवली असती की! पानी न्हाय, ह्यात लपवायचं काय? पन न्हाणी माझी हाय."

त्याच संध्याकाळी नवनाथनं गल्लीसमोर सगळं चित्रण पुसलं आणि पळणाऱ्या शिष्याला वाटेत गाठून पेनड्राइव्हही परत आणला. राजश्रीनं स्वतःच्या चुकीसकट बातमी दिली. पाणीटंचाईची बातमी पुन्हा केली, ती जमिनीवरून, दार वाजवून.

वाचकहो, यंत्राला दिव्य दृष्टी नसते, आणि यंत्र लपवणाऱ्याला तर मुळीच नसते. वरून सगळं दिसतं असं कुणी म्हणालं, तर पाया पडण्याआधी विचारा, कशानं दिसतं? आणि तो बाबा नसून बातमीदार निघाला, तर त्यालाही सोडू नका. त्याला विचारा, कुणाला विचारून बघितलंस?