अत्तरवाल्याचं नाक

आक्काला सगळा बाजार फिनेलआक्का म्हणायचा आणि तिला त्याचा अभिमान होता. बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह आधी तिची आई सांभाळायची. लहानपणी आक्का आईच्या कुशीत तोंड खुपसून झोपायची, तेव्हा आईच्या कपड्यांना फिनेलचा वास असायचा. इतरांच्या आयांना दुसरा कुठला वास असतो, हे तिला कितीतरी दिवस ठाऊकच नव्हतं. आई गेली. बादली आणि खराटा आक्काकडे आला, त्याबरोबर तो वासही.

पण अलीकडे फिनेल हरायला लागलं होतं. सकाळी ओतावं, तर दुपारी डोळे चुरचुरवणारी घाण पुन्हा हजर. शेजारी अत्तरवाल्याचं दुकान. तो गिऱ्हाइकाच्या मनगटावर गुलाब लावायचा आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. शेवटी त्याने बाजाराच्या व्यवस्थापकाकडे तक्रार केली. व्यवस्थापकाला निमित्तच हवं होतं.

"महिनाअखेर वास गेला नाही, तर कुलूप. तिथे गोदाम करू."

"आणि बायकांनी जायचं कुठे? भाजीवाल्या, मासेवाल्या दिवसभर बसतात इथे."

व्यवस्थापक फोनमध्ये डोकं घालून बसला.

आक्काच्या धाकट्या भावाची बायको डेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रविवारी ती गढूळ पाण्याचा एक कॅन घेऊन आली.

"वन्सं, यात जिवाणू आहेत. चांगले. घाण खातात."

"अगं, जन्मभर जंतू मारले मी. आता म्हातारपणी पाळू होय?"

"दह्यासाठी नाही का पाळत? हे विरजणच समजा. फरशीच्या सांध्यांत, मोरीच्या जाळीखाली सगळं मुरलंय. फिनेल वरवर आपला वास लावतं आणि वाहून जातं. हे आत शिरून मुरलेलं खातात."

"खाऊन मग काय करतात?"

"वाढतात. आणखी खातात."

"म्हणजे माझ्या भावासारखेच की!"

भावजय हसली. "एकच पथ्य. फिनेल बंद, ॲसिड बंद. नाहीतर सगळे मरतील."

आक्काने फरशी साध्या पाण्याने घासली, सांध्यासांध्यांत ते गढूळ पाणी फवारलं. रोज संध्याकाळी हेच. हळूहळू डोळ्यांची चुरचुर थांबली. मग वास गेला. आणि तिथेच घोटाळा झाला.

भाजीवाली बाहेर येऊन म्हणाली, "आक्का, आज सुट्टी घेतलीस का गं? धुतल्याचा वासच नाही."

हे मात्र आक्काच्या जिव्हारी लागलं. आयुष्यभर घाण सोसली होती, पण कामचुकार म्हणायची कुणाची टाप नव्हती. बादलीमागे दडवलेली बाटली तिने काढली आणि मोरीत चांगली घसघशीत ओतली. चारदोन दिवसांत चुरचुर परत आली.

भावजयीने मोरीपाशी वाकून हुंगलं. "वन्सं, विरजणात उकळतं पाणी कुणी ओतलं?"

"मीच. जरा वासापुरतं."

"कसलाच वास नाही, तेच खरं स्वच्छ."

"तुला सोपं आहे गं. मला आत गेलं की आईच्या घरात आईच नसल्यासारखं वाटतं."

भावजयीने हात पुढे केला. "पुन्हा सोडते मी. महिना संपायला अजून वेळ आहे. पण बाटली द्या."

आक्काने बाटली दिली. मग मात्र ती त्या जंतूंची आईच झाली. मासेवाली बर्फाळ हात शेकायला आणलेलं गरम पाणी मोरीत ओतायला निघाली, तर आक्का ओरडली, "माझी पोरं आहेत आत!" आणि कुणी म्हणालं, धुतल्याचा वास येत नाही, तर उत्तर तयार असायचं, "वास हवा असेल तर शेजारी विकत मिळतो."

महिनाअखेर व्यवस्थापक कुलूप हातात घेऊनच आला. त्याने अत्तरवाल्याला बोलावलं. अत्तरवाला भांडखोर होता, पण नाकाशी बेइमानी करणारा नव्हता, त्याचं पोटच नाकावर होतं. रांगेतल्या बायकांना बाहेर थांबवून ते दोघे, आक्का आणि मुद्दाम रजा काढून आलेली भावजय आत गेले. अत्तरवाल्याने डोळे मिटले, मोरीपाशी वाकला, भिंतीशी गेला, परत आला.

"वास येतोय," तो म्हणाला.

व्यवस्थापकाने कुलपाची किल्ली फिरवली. भावजयीचा चेहरा पडला. आक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. "कसला, ते सांगा की!"

"फिनेलचा."

"वन्सं!"

अत्तरवाला नाकाच्या मागे मागे निघाला आणि आक्कासमोर येऊन थांबला. "हिच्या कपड्यांना येतोय. मोरीला नाही, फरशीला नाही. खोली धुतलेल्या कुपीसारखी कोरी आहे."

"कपडे धुताना शेवटच्या पाण्यात टोपणभर घालते मी," आक्का भावजयीला म्हणाली. "घरी. तिथे कुठे तुझे जंतू?"

व्यवस्थापकाने कुलूप खिशात घातलं. त्यात ते मावेना, तरी कोंबलंच.

अत्तरवाला दुकानात जाऊन एक लहानशी कुपी घेऊन आला. "आक्का, हे लावत जा. गुलाब आहे. माझ्याकडून."

आक्काने बूच काढलं, मनापासून हुंगलं, बूच लावलं आणि कुपी परत त्याच्या हातात ठेवली.

"फार छान आहे हो. पण आई ओळखायची नाही मला."

मग तिने फवाऱ्याचं भांडं उचललं आणि दाराबाहेरच्या रांगेला हाक मारली, "या गं बायांनो, कशाला ताटकळताय? दार उघडं आहे."